मारोती मिस्त्रीचं मुंगूस

मारोती,

घाटावर लाकडांनी पेट घेतला तशी माणसं मागे सरकून लिंबाच्या सावलीत उभी राहिली. लक्ष्मणराव फोरमन माझ्या शेजारी होते. कापडगिरणीच्या बॉयलरखान्यात त्यांनी तुझ्यासोबत पंधरा वर्षं काढलेली. त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हात सोन्याचा होता मारोतीचा. जिंदगीत एकदाच चुकला, अन् तेवढ्यानंच बसवलं त्याले."

कोणीतरी विचारलं, "काय चुकलं होतं गा?"

मग लक्ष्मणरावांनी सगळं सांगितलं. गिरणीचं मोठं बॉयलर, त्याच्या नळ्या आतून साफ करायचं तू बनवलेलं यंत्र, यंत्राला तू लावलेल्या चुकीच्या चकत्या, बत्तीस नळ्यांत पडलेले चर. ऐकणाऱ्यांनी हळहळून माना हलवल्या. मी तिथेच उभा होतो. माझं तोंड बंद राहिलेलं इतवारीच्या बाजारात कोणी पाहिलेलं नाही. त्या दिवशी ते बंद राहिलं.

हात चुकलेला मिस्त्री म्हणून तू गेलास. ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक लाकडांवर होता. म्हणून हे लिहायला बसलो. पण माझ्याकडून गोड लेखाची अपेक्षा ठेवू नकोस. मला तुझा राग आहे. अकरा वर्षांपासून आहे. तू मेलास म्हणून तो उतरलेला नाही, फक्त काढायला आता समोर कोणी नाही.

आपली ओळखच तुझ्या आगाऊपणातून झाली. उमरेडच्या पलीकडून मी नागपुरात आलो तो अंगावरच्या कपड्यानिशी. इतवारीत हातगाडी ओढली, मग भंगार घ्यायला लागलो. गिरणीतलं मोडकं सामान विकायला निघालं की मी पहिला हजर. त्या दिवशी फुटक्या व्हॉल्वच्या ढिगात लाटण्याएवढी एक पितळी वस्तू पडली होती. पितळ चांगलं जड होतं. मी ती पायाने लोखंडाच्या ढिगाखाली सरकवली, म्हणजे लोखंडाच्या भावात निघेल. स्टोअरकीपर काट्याकडे बघत होता. बॉयलरखान्याचा माणूस म्हणून तू तिथे उभा होतास. तू वाकलास, ती वस्तू उचललीस, फडक्याने पुसलीस आणि म्हणालास, "हे भंगार नाही गा. हे विलायती यंत्र हाय."

वजन व्हायच्या आधी म्हणालास. स्टोअरकीपरने लगेच ती बाजूला ठेवली आणि तिचा वेगळा भाव लावला. मी तुला त्या फाटकातच शिव्या घातल्या. तू शांतपणे ऐकून घेतल्यास आणि विचारलंस, "झालं? आता हे काय करते ते पाहतं का?"

मला पाहायचं नव्हतं, तरी तू दाखवलंस. बॉयलरमध्ये साठ-सत्तर नळ्या असतात, बाहेरून आग आणि आत पाणी. आपल्याकडचं विहिरीचं पाणी जड. ते उकळलं की नळीच्या आतून खाराचा पांढरा थर चढतो, चुलीवरच्या जुन्या पातेल्यात चढतो तसा. थर जाड झाला की कोळसा दुप्पट जळतो आणि नळी तापून फुगते, कधी फुटते. माणसं गज आणि साखळ्या घालून तो थर खरवडायची, आठ-आठ दिवस. हे यंत्र रबरी पाइपाच्या टोकाला लावायचं आणि पाइपातून जोराचं पाणी सोडायचं. पाण्याने पोटातलं चाक फिरतं, त्यासोबत पुढचे तीन हात गरगर फिरत बाहेर फाकतात आणि हातांवरच्या दातेरी चकत्या नळीच्या आतून घासत खार फोडत जातात. फुटलेला खार त्याच पाण्याने वाहून जातो.

"मग फेकून काहून राहिले?" मी विचारलं.

"पार्ट भेटत नाही विलायतेतून. लायसन पायजे."

"तू बनवशीन का असं?"

"बनवीन. पण घाई करशीन तं नाही बनवत."

घाई करशीन तं. पहिल्याच दिवशी तू माझी नाडी ओळखलीस, याचाही मला राग आहे.

माझ्या गोदामामागच्या टिनाच्या शेडमध्ये दोन वर्षं लागली तुला. पाळी संपली की सायकलवर यायचास, रविवारी दिवसभर. मी पितळ आणायचो, पोलाद आणायचो, लेथवाल्याशी भांडायचो. तू कानस घेऊन बसायचास. पहिल्यांदा ते नीट चाललं तेव्हा वच्छलावहिनी तुझा डबा घेऊन आल्या होत्या. जमिनीवर आडव्या टाकलेल्या नळीत यंत्र शिरलं आणि गुरगुरत पुढे निघालं, तशा त्या पदर तोंडाला लावून ओरडल्या, "बाई वं, हे तं मुंगसावानी बिळात घुसून राहिलं!" तेव्हापासून ते मुंगूस. मी पुढे पाटीवर भारदस्त इंग्रजी नाव घातलं, पण गिऱ्हाईक येऊन मुंगूसच मागायचं.

आपलं भांडण दातांवरून. विलायती चकत्यांचे दात टोकदार होते. तू आपल्या चकत्या जरा नरम पोलादाच्या केल्यास आणि प्रत्येक दाताचं टोक बारीक कानशीने घासून बोथट केलंस. एका चकतीला अठरा दात. मी डोक्याला हात लावला.

"खपली फुटली पायजे, नळीले ओरखडा नको," तू म्हणालास.

"वेळ किती लागते पण?"

"लागू दे. नळीच्या जिवावर घाई कायले?"

आणि कान. तुझं ते कानाचं वेड. खार असला की मुंगूस भरड आवाज काढतं, जात्यात ज्वारी पडल्यासारखा. नळी साफ झाली की आवाज बारीक होतो, पितळी तांब्या घासल्यासारखा. तो बारीक झाला की त्याच क्षणी पुढे सरकायचं, नाहीतर चकत्या लोखंडाला लागतात. डोळे मिटून हा फरक ओळखता येत नाही तोवर तू कोणाला पाइप धरू द्यायचा नाहीस. मलाही तू एक अख्खा रविवार डोळे मिटून बसवलंस. मी सतरा वेळा चुकलो आणि प्रत्येक वेळी तू फक्त "पुन्हा" म्हणालास. मी म्हणायचो, अबे, यंत्र विकता येतं, तुझा कान कसा विकू? तू म्हणायचास, मग माणूस शिकवून दे यंत्रासोबत. माणूस शिकवायला लागतात दोन महिने. इतवारीत दोन महिन्यांत दुकानं उघडतात आणि बंद होतात.

भंडाऱ्याकडच्या भातगिरणीचा मालक आठवतो? जाडजूड, तोंडात पान. त्याने विचारलं, "किती दिवसांत होते काम?"

मी म्हणालो, "एका दिवसात."

तू म्हणालास, "तीन दिवस लागतीन. अन् वाकड्या नळीत अडकते कधी कधी."

टेबलाखालून मी तुझ्या पायावर पाय दिला. तू वाकून पाहिलंस आणि मालकासमोर म्हणालास, "पाय काहून देऊन राहिला गा?" मालक इतका हसला की पान सांडलं. त्याने यंत्र घेतलं. परतताना बसमध्ये मी म्हणालो ते माझ्या बोलण्यामुळे खपलं. तू म्हणालास, अडकतं हे आधी सांगितल्यामुळे खपलं. तो वाद मिटला नाही. आता तू जिंकलास असं मी लिहून द्यावं, तर तेही देत नाही. बोलणं माझंच होतं.

एक गोष्ट मात्र देतो, आणि ती मी कोणाला सांगितलेली नाही. बॉयलरच्या वर एक लोखंडी पिंप असतं, ड्रम म्हणतात त्याला. सगळ्या नळ्यांची तोंडं त्यात उघडतात. आत जायला एक लांबोळकं भोक, जेमतेम माणसाच्या खांद्याएवढं. आपलं काम आतून कसं दिसतं ते पाहायला मी एकदा शिरलो आणि छातीशी अडकलो. ना पुढे, ना मागे. अंधार, उष्ण लोखंड, आणि मी, ज्याने कोणाच्या बापाला भीक घातली नाही, लहान पोरासारखा ओरडायला लागलो. तू बाहेरून माझा घोटा धरलास. नुसता धरलास, ओढला नाहीस. "श्वास सोड गा, पुंडलिक. सोडला की छाती लहान होते. घेऊ नको, सोड." मी सोडला आणि निघालो. बाहेर चार मजूर उभे होते. तू त्यांना म्हणालास, "शेठ अंदरचा गंज तपासून राहिले होते." तेवढ्यावर ते संपलं. हे उपकार मी मान्य करतो. पण माझ्यासाठी तू बोललेलं ते पहिलं खोटं होतं, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस दुसरंही बोलेल.

ते दुसरं आता सांगतो.

तुझ्याच गिरणीत नवा चीफ इंजिनियर आला. बाहेरचा, हिंदी बोलणारा, घड्याळाकडे बघत बोलणारा. त्याच्याकडे मी सात खेपा घातल्या. शेवटी तो म्हणाला, "एक दिन में होगा तो बात करो. नहीं तो चाय पियो और जाओ." मी म्हणालो, होईल एका दिवसात. ट्रायल पास झाली तर दोन्ही बॉयलरचं वर्षावर्षाचं काम, आणि दुसऱ्या गावांतल्या तीन गिरण्यांना त्याची चिठ्ठी. मी आयुष्यभर ज्या दारांबाहेर उभा राहिलो होतो ती दारं.

तुला सांगितलं तर तू पाना खाली ठेवलास. "एका दिवसात अर्ध्या नळ्या होतीन. तसं सांग त्याले."

"अर्ध्या सांगायले मी सात वेळा गेलो होतो का तिथं?"

"मग आठव्यांदा जाय."

पोळ्याची आणि तान्ह्या पोळ्याची सुट्टी जोडून होती. एक बॉयलर आधीच थंड करून ठेवलं होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळपासून नळ्या साफ करायच्या, संध्याकाळी आग घालायची आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाळी चालू, असं ठरलं. रस्त्यावर पोरं लाकडी बैल सजवून फिरत होती आणि मी खिशात नऊ चकत्या घेऊन गिरणीत शिरलो. जुन्या कानशींच्या पोलादातून मी त्या परस्पर करून घेतल्या होत्या. कडक, आणि प्रत्येक दात टोकदार. तू खाली रबरी पाइप जोडत होतास. मी वर चढलो, तिथे मांडून ठेवलेल्या तिन्ही मुंगसांच्या पिना काढल्या, तुझ्या चकत्या काढून माझ्या घातल्या. मोजून दहा मिनिटं लागली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. तू पहिल्याच नळीत आवाज ऐकून ओळखलं असतंस. ते मला माहीत होतं. म्हणून मी खाली येऊन तुला म्हणालो, "मारोती, तू पंपावर राह. पाण्याचा दाब सारखा पायजे, ते तुह्याशिवाय कोणाले जमत नाही. वर मजूर चालवतीन. साहेबालेही पाहायचं हाय का कोणताही माणूस हे चालवू शकते." तू खूष झालास. दाब सांभाळायचं काम अवघड आहे हे कोणाला तरी कळलं, असं तुझ्या तोंडावर दिसलं. पंपाचा धडधडाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. जिथे तुझा कान चालणार नाही अशी गिरणीतली एकच जागा होती, आणि तिथे मी तुला उभं केलं.

दुपारपर्यंत बत्तीस नळ्या झाल्या. आत दिवा सोडला तर आरशासारख्या. साहेबाने माझ्याशी हात मिळवला. मी वर जिन्यावर उभा, आणि तू जेवायला जाण्याआधी सहज म्हणून वर आलास. ड्रममध्ये शिरलास, नळीच्या तोंडात बोट घातलंस आणि गोल फिरवलंस. मग दुसऱ्या नळीत. मग पाचव्या-सहाव्या. मी भोकातून बघत होतो. तू एक मुंगूस उचललंस, चकतीवर अंगठा फिरवलास आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. बाहेर आलास, मला ओलांडून सरळ साहेबासमोर गेलास.

"साहेब, चूक झाली. चकत्या मी लावल्या, दात घासायचे राहून गेले माह्याकडून. नळ्याइत चर पडले. ह्या बदलल्याशिवाय आग घालू नका."

मी मधे पडलो. "किरकोळ ओरखडे असतीन, साहेब. हा घाबरट हाय."

तू माझ्याकडे वळलासही नाहीस. "बोट घालून पहा साहेब. वाकाजवळ अर्धी जाडी गेली हाय. प्रेशर चढलं तं खालची माणसं मरतीन."

साहेबाने बोट घातलं. त्या संध्याकाळी आग घातली गेली नाही. काम गेलं, चिठ्ठ्या गेल्या, ती तिन्ही दारं गेली. तुला बॉयलरखान्यातून काढून आवारात कापसाच्या गाठी मोजायला बसवलं. फोरमनची जागा दोन महिन्यांनी तुझी होणार होती, ती लक्ष्मणरावांना मिळाली. वर्षभराने तू गिरणीच सोडलीस. मला कोणी एक शब्द विचारला नाही. मी काय, नुसता यंत्र विकणारा. मिस्त्रीची चूक होती, आणि मिस्त्रीने ती तोंडाने कबूल केली होती.

गिरणीच्या फाटकाबाहेर मी तुझी वाट पाहिली. मला वाटलं, तू माझी गचांडी धरशील. धरायला हवी होतीस. मी उत्तरं तयार ठेवली होती, एकेक पाठ केली होती. तू सायकल काढलीस आणि निघून गेलास. मला जन्मभर घासाघीस कळली: तो एक बोलतो, आपण एक बोलतो, मधे कुठेतरी तुटतं. तू भावच केला नाहीस. सगळं स्वतःकडे घेऊन गेलास आणि मला रस्त्यावर रिकामा उभा ठेवलास.

म्हणून मी तुझ्याबद्दल वाईट बोलायला लागलो. हेही लिहितो. अकरा वर्षं इतवारीत मी सांगत आलो की मारोतीने मला बुडवलं, ऐन वेळी गिऱ्हाइकासमोर तोंड उघडलं. ते अर्धं खरं होतं आणि म्हणून छान खपलं. मग दुसरा मिस्त्री ठेवून मी मुंगूस विकत राहिलो, साखर कारखान्यांना, भातगिरण्यांना. नरम पोलाद. बोथट दात. प्रत्येक यंत्रासोबत दोन महिने माणूस शिकवून द्यायचा. तुझंच सगळं, आणि तुझं नाव कुठे नाही. तू हुडकेश्वरला प्लॉटवर दोन खोल्या बांधल्यास आणि लोकांच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करत राहिलास.

एकदाच भेटलो, तीन वर्षांपूर्वी. उमरेडच्या बसची वाट पाहत मी स्टँडवर बसलो होतो, तू येऊन शेजारी बसलास. जागा तेवढीच होती म्हणून बसलास की मुद्दाम, देव जाणे. केस पांढरे, मनगटाला तेच काळं ग्रीस.

"मुंगूस चालू हाय का?" तू विचारलंस.

"तुले काय करायचं?"

"नाही, विचारलं. दात बोथट ठेवजो."

माझं डोकं फिरलं. स्टँडवरची माणसं वळून पाहायला लागली इतका मी ओरडलो. "काहून घेतलं बे अंगावर? कोणी सांगितलं होतं तुले? मले मोठेपणा दाखवत होता का?"

तू खरंच गोंधळलास. कपाळाला आठी घालून तू विचार केलास आणि पंपातला बिघाड सांगावा तसं सांगितलंस. "मोठेपणा कायचा? संध्याकाळी आग पडणार होती. मी म्हटलं असतं पुंडलिकनं लावल्या, तं तू नाही म्हटलं असतं. मग मी हो, तू नाही. साहेब कोणाचं ऐकन? तू तं बोलण्यात हुशार. आग पडली असती. आपणच चुकलो म्हटलं का कोणी वाद घालत नाही. तेवढाच वेळ होता."

"म्हणजे मी खोटं बोललो असतो, असं म्हणून राहिला तू?"

"नसता बोलला?"

बस लागली. मी चढलो.

हाच माझा राग आहे, मारोती, आणि तो मी तुझ्या राखेलाही सोडणार नाही. तू मला विचारलंच नाहीस. ड्रममधून बाहेर आल्यावर एक क्षण थांबला असतास, "पुंडलिक, सांग" म्हणाला असतास, तर मी काय केलं असतं? खोटं बोललो असतो, शंभरातले नव्वद हिस्से. पण दहा हिस्से उरतात. मी दहा हिश्शांवर धंदे उभे केले आहेत. ते दहा तू माझ्यापासून हिसकावलेस, कारण खाली माणसं मरतील याचा हिशेब तुला बरोबर येत होता. आला तो बरोबर. माझ्या बाजूने मात्र मला कधीच कळणार नाही की मी कोण होतो.

तुझ्या तेरवीला मी हुडकेश्वरला आलो. मांडवात लक्ष्मणराव आणि गिरणीची जुनी माणसं पत्रावळी मांडून घेत होती. मी आत स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. वच्छलावहिनी परातीजवळ बसल्या होत्या.

"वहिनी, त्या चकत्या मारोतीनं नव्हत्या लावल्या. मी लावल्या."

त्यांनी वर पाहिलं. त्या रडल्या नाहीत, चकितही झाल्या नाहीत. "असन," त्या म्हणाल्या. "घरात भाकरी मोडतानी आवाज न करणारा माणूस. त्यायच्या हातून दात घासायचे राहतीन, हे मले कवा पटलंच नाही. मी विचारलं तं म्हणत, झालं वं, सोड." मग पदराला हात पुसत त्या उठल्या. "मले सांगून काय फायदा, भाऊजी? बाहेर बसले हायत ना सारे. त्याइले सांगा."

मी बाहेर आलो. मांडवाच्या मधोमध उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं. चकत्या मी लावल्या, मारोतीला माहीत नव्हतं, त्याने माझा दोष अंगावर घेतला.

मग लक्ष्मणराव उठले. डोळ्यांत पाणी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मन मोठं हाय शेठचं. मेलेल्याचा दाग आपल्या अंगावर घेऊन राहिले."

"अहो, दाग नाही, खरं सांगतो!"

"समजते आमाले. बसा. कोणी पाणी द्या रे यायले."

मी ओरडलो. कानशींच्या पोलादाचं सांगितलं, पिना कशा काढल्या ते सांगितलं. जितका ओरडलो तितकी त्यांची तोंडं मऊ होत गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "दोस्त असावा तं असा." दुसरा म्हणाला, "अन् आपण समजत होतो दोघाइत वाकडं हाय." तू साहेबासमोर खोटं बोललास आणि अर्ध्या मिनिटात त्याला पटलं, कारण तू तू होतास. मी पहिल्यांदा खरं बोललो आणि मांडवभर माणसांत एकाला पटवता आलं नाही. ज्या तोंडाने भंगार सोन्याच्या भावात विकलं, त्या तोंडातून खरं निघालं तरी लोकांना त्यात मालच दिसतो.

मी वळलो. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "याच्यातही तुमचाच फायदा झाला."

आणि वाढायला आत गेल्या.

म्हणून हे छापायला देतो आहे. बोललेलं उडून जातं किंवा माझ्या नावावर पुण्य म्हणून जमा होतं. छापलेलं कोणीही मिस्त्री तपासून पाहू शकतो, आणि त्याला कळेल की मारोतीच्या नरम पोलादाच्या दातांनी, ते घासायचे राहिले तरी, नळीला तसा चर पडूच शकत नाही. लक्ष्मणरावांना मी हे स्वतः वाचून दाखवणार आहे आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तर झटकणार आहे. वाचणाऱ्यांनी मला दिलदार म्हणू नये. बत्तीस नळ्या माझ्या चकत्यांनी खराब झाल्या. मारोती त्या वेळी खाली पंपावर होता, आणि त्याला काही ऐकू येऊ नये म्हणून तिथे मी त्याला ठेवलं होतं.